नोईच्या शेगडीवर जायचं असेल तर

विमानतळावर न्यायला आलेली गाडी भोरच्या एसटी स्टँडसमोर, आमच्या खानावळीच्या दारात उभी होती आणि मी आत जेवत होते. बॅगा चढवून झाल्या होत्या. आई पायरीवर, दादा गाडीपाशी, शेजारचे दोघंतिघं उगाचच उभे. उशीर होईल म्हणून मी बाकावरून अर्धवट उठले, तर अण्णा, माझे वडील, गल्ल्यावरूनच म्हणाले, "बस खाली. ताटावरून उठायचं नाही. विमान काय, थांबेल." विमान थांबत नाही हे त्यांनाही माहीत होतं. पण त्यांनी सरळ ड्रायव्हरलाच आत बोलावून माझ्यासमोर बसवलं, त्याला दोन भाकरी वाढल्या, आणि ज्याने घाई करायची तोच आमटी भुरकायला लागल्यावर घाईचा प्रश्न मिटला. निघताना मी रडले नाही. पोट इतकं भरलं होतं की वाकून नमस्कार करणंही जड गेलं.

आमची खानावळ म्हणजे दोन ओळींत बाकं, एक गल्ला आणि गल्ल्यावर काळा फोन. बदलीवर आलेले बँकेतले लोक, शाळेतले मास्तर, तहसील कचेरीतले कारकून असे एकटे राहणारे पुरुष आमच्याकडे महिन्यावारी जेवायचे. त्यांच्या घरची माणसं दूर, त्यामुळे त्यांचे निरोप आमच्या फोनवर यायचे. अण्णांचा एक नियम होता. ताटावर बसलेल्या माणसाला निरोप द्यायचा नाही. चांगला नाही, वाईट तर नाहीच. "जेवताहेत," एवढं बोलून ते फोन ठेवायचे. माणूस जेवायचा, हात धुवायचा, बडीशेप तोंडात टाकायचा, मग अण्णा गल्ल्यावरून उतरून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे.

एकदा एका तलाठ्यांची आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ताक वाढत होते. फोनवरचं बोलणं मी ऐकलं होतं, तलाठ्यांनी नव्हतं. ते म्हणाले, "आज ताक फर्मास झालंय गं पोरी." अण्णांनी त्यांना आग्रह करून आणखी भात वाढला. मागाहून मी विचारलं तर म्हणाले, "आता दहा दिवस तो माणूस धड जेवणार नाही. हे तरी जाऊ दे पोटात." आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. अण्णांकडे विठोबाच्याही नंतर बातमीचा नंबर लागायचा. दादा आणि मी याच नियमात वाढलो. आम्हाला तो नियम आहे हेही कळलं नव्हतं, इतका तो अंगवळणी पडला होता.

हे सगळं मी तुला का सांगते आहे, ऋचा, असं तुला वाटेल. तू परवा आपल्या या डच गावातल्या मराठी ग्रुपवर एवढंच विचारलं होतंस की इथे थाई बार्बेक्यू कुठे मिळतं, ते आपणच टेबलावर भाजून खायचं असतं तसलं. त्यासाठी ग्रोनिंगन शहरात जावं लागेल का. कुणी अंगठा टाकला, कुणी ग्रोनिंगनच्या दोन दुकानांची नावं टाकली. मी काहीच लिहिलं नाही. उत्तर मला माहीत होतं आणि ते दोन ओळींत बसत नव्हतं. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. तू नुकती आली आहेस, तुझ्यासाठी. दादा वाचणार हे धरूनही लिहिते आहे, कारण त्याच्याशी फोनवर हे बोलणं जमत नाही.

तर जागा इथेच आहे. कालव्यावरचा उघडझाप होणारा पूल ओलांडला की सायकल दुरुस्तीचं दुकान, त्याच्यामागे. पूर्वी तिथे चायनीज होतं, त्याचा लाल कंदील अजून लटकतो, त्यामुळे पाटी वाचून कुणाला पत्ता लागत नाही. मालकीण नोई. शेगडी फक्त शुक्रवार-शनिवारी, आणि फोन करूनच जायचं, कारण टेबलं मोजकी आहेत. टेबलाच्या मध्ये खड्डा, त्यात खरे कोळसे. वर पितळी रंगाचं भांडं ठेवतात, मधोमध घुमटासारखं फुगलेलं आणि कडेने पन्हळ. घुमटावर मांस भाजायचं, पन्हळीत पाणी आणि पाला. भाजताना जो रस ओघळतो तो पन्हळीत उतरतो आणि शेवटी त्याचं सूप होतं. सुरुवातीला नोई चरबीचा तुकडा घुमटावर फिरवते. आपण धिरड्याच्या तव्यावर अर्धा कांदा फिरवतो तसाच. आम्ही डुक्कर खात नाही म्हटल्यावर तिने आमच्यासाठी तेल आणि लेमनग्रासची जुडी आणली. चिकन, मशरूम, टोफू, कणसाचे तुकडे मिळतात. चटणी जपून घे, ती आपल्या ठेच्याची चुलत बहीण आहे आणि स्वभावाने जास्त वाईट.

नोईचेही नियम आहेत. घुमटावर एका वेळी चारच तुकडे. जास्त टाकलेस तर ती दुरूनच ओरडते, "घाई असेल तर समोर फ्राइज मिळतात!" आणि निखारे राख होईपर्यंत ती बिल आणत नाही. मागितलं तर म्हणते, अजून आच आहे, खा. पहिल्यांदा गेले तेव्हा हे ऐकून मला हसू आलं. मी केदारला, म्हणजे नवऱ्याला, म्हटलं, ही तर अण्णांचीच कुणीतरी लागते.

त्याआधी या देशात मला जेवण असं सापडलंच नव्हतं. ग्रोनिंगनला शिकायला आले तेव्हा दुपारी सगळे ब्रेडवर चीज ठेवून कॉम्प्युटरसमोर खायचे आणि त्याला जेवण म्हणायचे. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, तीही बटाट्याच्या स्टार्चच्या प्रयोगशाळेत. खानावळीत बटाटे सोलून कंटाळलेल्या मुलीच्या नशिबी इथेही बटाटाच आला. केदारचं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला, आठवड्यातून दोन दिवस तो जातो, बाकी घरून. घर परवडलं म्हणून या छोट्या गावात आलो. इथे संध्याकाळी सहाला सगळ्या खिडक्यांत जेवायची टेबलं दिसतात, अर्ध्या तासात ती रिकामीही होतात. त्या वेळेत कुणी कुणाला फोन करत नाही. हे मात्र मला ओळखीचं वाटलं होतं.

दादाचा फोन मात्र यायचा. आठवड्यातून तीन-चारदा, कधीही, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मने, जेवलीस का?" अण्णांनी गल्ला त्याच्याकडे सोपवला होता, पण स्वतः खुर्ची सोडली नव्हती. बाजूला बसून राहायचे. दादाने फोन त्यांच्या कानाला लावला की तेही तेच विचारायचे. मी हो म्हटलं की त्यांचं बोलणं संपायचं. पुढे काही विचारायचं असतं असं त्यांना कधी वाटलं नसावं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मीराला, आमच्या मुलीला, पोहण्याचा ए-डिप्लोमा मिळाला. इथे गल्लोगल्ली कालवे, त्यामुळे पोरांनी कपडे-बूट घालून पोहून दाखवायचं, आडव्या धरलेल्या कापडाच्या भोकातून पाण्याखालून जायचं, मग हा डिप्लोमा मिळतो. मोठा सोहळा असतो, आज्या-आजोबा फुलं घेऊन येतात. मीराकडून आम्ही दोघंच होतो. कुठे जेवायचं विचारल्यावर ती डचमध्ये म्हणाली, नोईकडे. शनिवार होता. दुपार कलली होती, ऊन होतं. नोईने मीराचा डिप्लोमा पाहिला, गल्ल्यामागे उंचावर लावला, म्हणाली, जाईपर्यंत तिथेच राहू दे.

कोळसे नुकते लाल झाले होते. पहिले चार तुकडे मी घुमटावर ठेवले आणि दादाचा फोन आला.

"मने, जेवलीस का?"

"आत्ताच बसलोय रे. बाहेर आलोय. मीराला पोहण्याचं सर्टिफिकेट मिळालं."

"अरे वा! शाब्बास म्हणावं तिला." मग तो म्हणाला, "बरं, निवांत जेव. झालं की फोन कर."

आवाज नेहमीचा होता. आता विचार करते तेव्हा वाटतं, तो नेहमीचा नव्हता, तो गल्ल्यावरचा होता. सरळ, कामापुरता. पण मला तेव्हा वाटलं, बँकेच्या अ‍ॅपचं काहीतरी अडलं असेल. त्याचं नेहमीच अडतं. मी फोन पालथा ठेवला आणि चिकनचा तुकडा उलटला.

आम्ही पोटभर जेवलो, ऋचा. मुद्दाम सांगते. मीराने कणसं संपवली, पुन्हा मागवली. केदारने चटणी जास्त घेतली आणि डोळे पुसत बसला, आम्ही त्याला हसलो. पन्हळीतलं सूप आटत आटत दाट झालं. नोईने नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा आणला, डिप्लोमावाल्या मुलीला म्हणून. मध्ये एकदा मला आठवलं की दादाला फोन करायचाय. पण निखारे अजून लाल होते.

सायकलींच्या स्टँडपाशी उभी राहून मी फोन केला. एका रिंगमध्ये त्याने उचलला.

"जेवण झालं?"

"झालं."

"पाणी प्यालीस?"

"हो. बोल ना."

"अण्णा गेले, मने."

झालं होतं ते असं. तिकडे रात्रीची जेवणं चालू होती. अण्णा खुर्चीतच कलंडले. दादाने आणि आचाऱ्याने त्यांना उचलून आतल्या खोलीत नेलं, डॉक्टरांना मागच्या दाराने आणलं, आणि डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा बाहेर बाकांवर माणसं जेवत होती. दादा बाहेर आला आणि त्याने सगळ्यांना ताक वाढलं. शेवटच्या माणसाने हात धुतल्यावर त्याने फळी लावली. मग मला फोन केला, आणि मीही ताटावर होते.

त्याने वाट पाहिली. जेवायला लागून लागून वेळ किती लागतो? आमच्या बाकावर माणूस वीस मिनिटांत उठतो, पुढचा ताटकळत असतो. दुसऱ्यांदा फोन करणं त्याला जमलं नाही, कारण ताटावरच्या माणसाला एकदा त्रास दिला तोच फार. केदारला करावा तर तोही त्याच ताटावर. टेबलावर शेगडी असते, चारच तुकडे भाजतात आणि आच विझेपर्यंत कुणी उठत नाही, असं जेवण जगात असतं हे त्याला कसं माहीत असणार? घर माणसांनी भरत गेलं. मामा आले, काका आले, सगळे विचारत होते, मनीषाला कळवलं का? दादा सांगत होता, ती जेवतेय. आणि सगळे मान हलवून गप्प बसत होते. एवढ्या माणसांत एकालाही ते वावगं वाटलं नाही.

केदार तिथेच, सायकलच्या सीटवर फोन टेकवून विमानं बघायला लागला. रात्रीचं एक विमान होतं. दादाचा पहिला फोन आला तेव्हाच निघालो असतो तर ते मिळालं असतं, दुपारपर्यंत भोरला पोचले असते, तोवर सगळे थांबले असते. आता ते मिळणार नव्हतं. इथून स्खिपोल विमानतळावर पोचायलाच अडीच तास लागतात. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं. एवढ्या उन्हाळ्यात तोवर ठेवायचं कसं, असं मामा मागून म्हणत होते ते मला ऐकू येत होतं. दादाने मला विचारलं, "काय करू?" मी म्हटलं, "करून घ्या." इतक्या सरळ आवाजात म्हटलं की केदारने मान वर करून पाहिलं.

काही वाटलं नाही. हे जसं आहे तसं सांगते. मीराचा डिप्लोमा आत राहिला होता, तो आणायला मी परत गेले, नोईला धन्यवाद म्हटलं. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली, निरोप मिळाल्यावर करतात तशी. केसांतला धूर गेला, जॅकेटमधला गेला नाही.

सकाळच्या गाडीने एकटीच निघाले. रिकामा डबा दिसला त्यात बसले, तो शांतता पाळायचा डबा होता, काचेवर तसं लिहिलेलं असतं. वाटेतच दादाच्या मित्राचा व्हिडिओ कॉल आला. आवाज मोठा आला तसा पलीकडच्या म्हाताऱ्याने काचेवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं, रागाने नाही, सांगावं म्हणून. मी आवाज बंद केला. मग हेडफोन शोधायचंही सुचलं नाही. अण्णांना नेताना मी आवाजाशिवाय पाहिलं. लोकांच्या पाठी दिसल्या, पांढरे सदरे, ऊन, बराच वेळ कुणाच्या तरी अंगठ्याची कड. चेहरा दिसला नाही. बाहेर सपाट कुरणं होती, गाई होत्या. म्हातारा शब्दकोडं सोडवत होता. त्याला कळलं असतं तर त्याने माफी मागितली असती, पण त्याला सांगणार कसं, बोलायला बंदी होती.

भोरला पोचले तेव्हा आई खुर्चीत बसली होती. मला जवळ घेऊन तिने विचारलं, "पोटभर जेवली होतीस ना?" मी हो म्हटलं. "मग झालं," ती म्हणाली, आणि खरंच झाल्यासारखी पदराने चेहरा पुसून बसली. मला तिचा राग यायला हवा होता. दादाचा तर यायलाच हवा होता. तेराव्याच्या आदल्या दिवशी तो लसूण सोलत होता, मी समोर बसले, आणि वर न बघता तो म्हणाला, "माझं चुकलं का गं?" मी सालं गोळा केली. म्हटलं, "अण्णांनी तेच केलं असतं." हे त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं, ते खरं होतं. अण्णांचा शेवटचा निरोप अण्णांच्याच नियमाने माझ्यापर्यंत उशिरा आला. भांडायचं कुणाशी? ज्याच्याशी भांडायचं त्याला मी न पाहताच तो गेला होता.

परत आल्यावर वर्षभर नोईकडे गेलो नाही. वर्ष पाळायचं होतं म्हणून नाही. इथे कोण पाळतंय आणि कोण बघतंय. पुलाशी आले की सायकल आपोआप दुसरीकडे वळायची. मीरा विचारायची, मी म्हणायचे, पुढच्या शनिवारी. ती आता मला मराठीत विचारत नाही आणि मी मराठीतच टाळते, त्यामुळे आमचं भांडण होत नाही. आतून मी तशीच होते, स्खिपोलच्या गाडीत बसलेली, आवाज बंद केलेली.

तू ग्रुपवर विचारलंस त्या शनिवारी मी एकटीच गेले. नोईने खड्ड्यात कोळसे ठेवले. लेमनग्रासची जुडी फिरवली, ताटली ठेवली, ओरडायला नको म्हणून मी चारच तुकडे ठेवले. पहिला तुकडा उलटला आणि फोन वाजला. दादा.

"मने, जेवलीस का?"

घुमटावर सगळं कच्चं होतं. माझ्या तोंडून निघालं, "हो. जेवले. सांग."

"काही नाही गं," तो म्हणाला, "आईने मसाला कुटायला घेतलाय. तुझ्यापुरता बाजूला काढू का?"

त्यावर मी रडले. नोईच्या दुकानात, भर संध्याकाळी, वर्षभराने, मसाल्यासाठी. दादा घाबरून काय झालं, काय झालं विचारत राहिला आणि मला धड सांगता येईना. नोई आली, भाजलेले तुकडे जळू नयेत म्हणून तिने ते काढून माझ्या ताटलीत ठेवले आणि चिमटा घेऊन उभी राहिली. नंतर मी जेवलेही. निखारे विझेपर्यंत बसले.

मला कुणी विचारतं, आता तुझं घर कुठलं? खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कागदांवर तर हेच गाव आहे, घर आमच्या नावावर आहे, मीराचं सगळं इथलं आहे. पण माझ्यापुरतं घर म्हणजे ती जागा, जिथे मी जेवत असेन तोवर सगळं थांबवून धरतात. मरणसुद्धा. ती जागा अजून आहे, फळी रोज उघडते, दादा गल्ल्यावर बसतो. मला ती हवी आहे आणि तिचा तो नियम मला परवडत नाही.

तर ऋचा, नोईकडे जरूर जा. शुक्रवार किंवा शनिवार, फोन करून. लाल कंदील बघ, पाटी बघू नकोस. घुमटावर चारच तुकडे, चटणी जपून, सूप शेवटी, आणि बिल मागू नकोस. आणि जेवताना घरून फोन आला, जेवलीस का म्हणून विचारलं, तर समोर काहीही असू दे, हो म्हण.